यंत्राची रोजनिशी

अशी कल्पना करा की मुंबई-नागपूर लोहमार्गावर मूर्तिजापूर आणि बडनेरा यांच्या दरम्यान रात्री सव्वादोन वाजता एक मालगाडी धावत आहे. पावसाची झड लागली आहे. समोरचा सिग्नल हिरवा दिसत होता, तो एकाएकी लाल झाला. चालकाने नियमाप्रमाणे गाडी उभी केली. चारेक मिनिटांनी सिग्नल पुन्हा हिरवा मिळाला आणि गाडी निघून गेली.

सकाळी सिग्नल खात्याची माणसे येऊन पाहतात, तो सारे ठाकठीक! दिवा चांगला, तारा चांगल्या, सिग्नल हवा तेव्हा लाल आणि हवा तेव्हा हिरवा होतो. डॉक्टर दारात यावा आणि नेमका तेव्हाच रोग्याचा ताप उतरावा, तशातला हा प्रकार. आता दोष कोणाचा? चालक म्हणेल, सिग्नल बिघडला. सिग्नलवाले म्हणतील, स्टेशनमास्तरांनीच तो चुकून लाल केला असेल. स्टेशनमास्तर म्हणतील, मी बटणाला हातही लावला नाही. तिघेही प्रामाणिक असतील, पण रात्री दोनच्या सुमारास कोणती गोष्ट आधी घडली आणि कोणती नंतर, हे नेमके कोणाला आठवणार?

हा वाद मिटवणारा एक साक्षीदार स्टेशनाच्या खोलीत असतो. त्याला झोप येत नाही आणि तो कोणाची बाजूही घेत नाही. त्याचे नाव डेटा लॉगर. घडेल ते आणि घडेल त्या क्रमाने लिहून ठेवणे एवढेच त्याचे काम. अशा नोंदींना संगणकाच्या भाषेत ‘लॉग’ म्हणतात. आपण तिला यंत्राची रोजनिशी म्हणू. ही रोजनिशी लिहिली कशी जाते, आणि तिच्यावर विश्वास केव्हा ठेवावा, हे आज पाहू या.

लाकडाच्या ओंडक्यापासून

लॉग या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ लाकडाचा ओंडका. त्याचा रोजनिशीशी काय संबंध? पूर्वी शिडाच्या जहाजाचा वेग मोजायला दोरीला बांधलेली लाकडाची फळी पाण्यात टाकत. दोरीला सारख्या अंतरावर गाठी असत. वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत किती गाठी हातातून सुटल्या ते मोजले की वेग कळे. जहाजाचा वेग आजही ‘नॉट’ म्हणजे गाठींतच सांगतात तो यामुळेच. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. मोजलेला वेग एका वहीत लिहीत. ती वही झाली लॉगबुक. पुढे तिच्यात वारा, दिशा, वादळ, जहाजावरचे आजारपण असे सारेच लिहू लागले. ओंडका मागे पडला, पण त्याचे नाव वहीला चिकटून राहिले आणि तेथून ते संगणकात शिरले.

सिग्नल का बदलला?

आता आपल्या मालगाडीकडे वळू. लोहमार्गाचे विद्युतदृष्ट्या वेगळे केलेले तुकडे असतात. अशा एका तुकड्याच्या दोन्ही रुळांतून बारीकसा विद्युतप्रवाह सोडलेला असतो. तो दुसऱ्या टोकाला असलेल्या रिलेच्या वेटोळ्यातून वाहतो. रिले म्हणजे तुमच्या पुस्तकातला विद्युतचुंबकच. प्रवाह असेपर्यंत तो लोखंडी पट्टी ओढून धरतो. गाडी त्या तुकड्यात आली की तिची चाके आणि आस दोन्ही रूळ जोडून टाकतात. प्रवाहाला जवळची वाट मिळते, रिले उपाशी राहतो, पट्टी सुटते आणि मागचा सिग्नल लाल होतो. यातली खुबी लक्षात घ्या. तार तुटली किंवा वीज गेली तरीही पट्टी सुटणार आणि सिग्नल लालच होणार. बिघाड झालाच तर तो सुरक्षित बाजूला झुकावा, अशी ही रचना असते.

स्टेशनाच्या रिले-खोलीत असे शेकडो रिले असतात. प्रत्येकाचा एक मोकळा संपर्क तारेने डेटा लॉगरला जोडतात. पट्टी ओढलेली असेल तर १ आणि सुटलेली असेल तर ०, एवढेच त्याला कळते. आपल्या त्या रात्रीची पाने नमुन्यादाखल अशी दिसतील :

०२:१४:३७.१२ — रूळखंड १२ चा रिले सुटला
०२:१४:३७.४४ — सिग्नल ४, हिरवा रिले सुटला
०२:१४:३७.५२ — सिग्नल ४, लाल रिले ओढला
०२:१८:४१.०८ — रूळखंड १२ चा रिले ओढला
०२:१८:५२.६० — सिग्नल ४ चे बटण दाबले
०२:१८:५३.३६ — सिग्नल ४, हिरवा रिले ओढला

या सहा ओळी सावकाश वाचा. पहिल्यांदा सुटला तो रुळाचा रिले, सिग्नल त्यानंतर बदलला. म्हणजे सिग्नलने आपले काम चोख केले. बटण दाबले गेले ते चार मिनिटांनी, म्हणजे स्टेशनमास्तरही सुटले. रूळखंड १२ मध्ये गाडी नसताना तेथील प्रवाह कुठे तरी पळत होता. पाऊस जोरात असताना खडीतून तो झिरपला असेल, किंवा रुळांच्या सांध्यातले विद्युतरोधक खराब झाले असेल. सकाळच्या माणसांनी दिवा तपासण्यात वेळ न घालवता रूळखंड १२ कडे जावे, हे या नोंदीने सांगितले.

येथे एक सावधगिरी हवी. आधी घडले ते नेहमीच नंतरच्याचे कारण असते असे नाही. कोंबडा आरवतो आणि मग सूर्य उगवतो! पण नंतर घडलेली गोष्ट आधीच्या गोष्टीचे कारण असू शकत नाही, हे मात्र पक्के. म्हणूनच संशयितांच्या यादीतून निर्दोषांची नावे कमी करण्याचे मोठे काम नोंदीचा क्रम करतो.

सारेच लिहायचे का?

डेटा लॉगर प्रत्येक तारेकडे दर १६ मिलिसेकंदांनी एकदा पाहतो. म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ वेळा. समजा, तारा ५०० आहेत. प्रत्येक वेळी दिसलेले लिहायचे ठरवले तर दिवसाला सुमारे २७० कोटी नोंदी होतील. (गणित करून पाहा : ५०० × ६२.५ × ८६,४००.) एवढ्या लिहायच्या तरी कोठे, आणि वाचायच्या तरी कोणी? म्हणून युक्ती अशी करतात की स्थिती बदलली तरच लिहायचे. मधल्या काळात काही लिहिलेले नाही याचाच अर्थ ‘जैसे थे’.

तुमच्या शाळेच्या संगणकातही अशी रोजनिशी चालू असते. संगणक केव्हा सुरू झाला, कोणी प्रवेश केला, कोणाचा परवलीचा शब्द चुकला, छपाई का अडली, हे सारे तीत असते. १९८० च्या दशकात अमेरिकेत बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी टपाल पोचवणाऱ्या आपल्या प्रोग्रॅमसाठी ‘सिसलॉग’ नावाची सोय केली. तीत प्रत्येक नोंदीला ० ते ७ असा गंभीरपणाचा आकडा देतात. ० म्हणजे आणीबाणी, ७ म्हणजे केवळ तपासणाऱ्याच्या उपयोगाची बारीकसारीक माहिती. ही आठ पायऱ्यांची शिडी आजही जगभर वापरात आहे. लाखो ओळींतून आधी ०, १, २ क्रमांकाच्या ओळी वेचून काढता येतात, हा तिचा फायदा.

घड्याळे जुळली नाहीत तर?

एका स्टेशनात एक घड्याळ असले की क्रम सोपा. पण गाडी मूर्तिजापूरहून बडनेऱ्याला जाते आणि दोन्ही ठिकाणी नोंद होते. दोन घड्याळे म्हटली की पंचाईत आली.

साध्या घड्याळात गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात. त्याला पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक सेकंद मिळतो. पण स्फटिक तापमानाप्रमाणे किंचित भरकटतो, आणि अकोल्याचा मे महिना तर तुम्हाला ठाऊकच आहे. दहा लाखांत वीस इतकी चूक धरली तरी दिवसाला १.७ सेकंद होतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्या वेळात ४८ मीटर पुढे गेलेली असते! महिनाभर घड्याळ लावलेच नाही तर फरक पाऊण मिनिटाच्या वर जातो.

यावर उपाय म्हणजे सर्वांनी एकाच घड्याळाकडे पाहणे. भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. तेथील सीझियम घड्याळे अणूच्या स्पंदनांवर चालतात. सीझियमच्या विशिष्ट प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० स्पंदने म्हणजे एक सेकंद, ही सेकंदाची व्याख्याच आहे. त्या घड्याळांशी, किंवा उपग्रहांवरून येणाऱ्या वेळेशी, संगणक आपले घड्याळ पुन्हा पुन्हा जुळवून घेतात.

हे जुळवणे राहिले तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. १४ ऑगस्ट २००३ रोजी दुपारी तेथील ओहायो राज्यातील एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी आणि नोंद ठेवणारी यंत्रणा २ वाजून १४ मिनिटांनंतर बंद पडली. ती बंद पडली आहे, हे तेथील माणसांना तासाहून अधिक काळ कळलेच नाही. पडद्यावर सूचना नाही म्हणजे सारे ठीक आहे, असे ते समजत राहिले. बाहेर मात्र भार वाढून तारा तापल्या होत्या. तापल्यामुळे त्या प्रसरण पावल्या, खाली झोळल्या आणि झाडांना टेकून एकामागून एक बंद पडत गेल्या. चारच्या सुमारास अमेरिकेतील आठ राज्ये आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत अंधारात गेला. सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. पुढे चौकशी सुरू झाली तेव्हा निरनिराळ्या केंद्रांतल्या हजारो नोंदी हाती आल्या, पण त्यांतली बरीच घड्याळे एकमेकांशी जुळत नव्हती. कोणती तार आधी गेली हे ठरवण्यासाठीच तज्ज्ञांना फार खपावे लागले. पारससारख्या मोठ्या वीजकेंद्रांत घटनांचा क्रम सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत टिपणारी यंत्रे का लागतात, हे यावरून ध्यानात येईल.

‘जैसे थे’बद्दल आपण वर म्हटले ते येथे पुन्हा आठवा. नोंद नाही याचे अर्थ दोन : काही घडले नाही, किंवा लिहिणाराच झोपला. दोन्हींतला फरक कळावा म्हणून चांगल्या रोजनिशीत ‘मी जागा आहे’ अशीही एक ओळ ठरावीक वेळाने लिहितात. गस्तीवरचा गुरखा ठोके देतो, तसेच हे.

घड्याळावाचूनही क्रम लावता येतो का? काही अंशी येतो. एका स्टेशनचे मास्तर पुढच्या स्टेशनकडे गाडी सोडण्याची संमती मागतात. संमती देताना पुढचे मास्तर यादीतला एक खासगी क्रमांक दूरध्वनीवर कळवतात, आणि तो दोन्हीकडच्या वहीत लिहिला जातो, अशी रेल्वेची जुनी पद्धत आहे. समजा, तो क्रमांक ४७ आहे. दोन्ही ठिकाणची घड्याळे चुकीची असली तरी ४७ हा आकडा सांगितला गेला आधी आणि ऐकला गेला नंतर, यात शंका नाही. म्हणजे त्या ओळीपाशी दोन वह्या एकमेकींना शिवता येतात. नेमका हाच विचार लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये गणिताच्या भाषेत मांडला. निरोप पोचण्यापूर्वी तो निघालेला असलाच पाहिजे, एवढ्या साध्या सत्यावर त्याने शेकडो संगणकांच्या घटनांचा क्रम लावून दाखवला. आज मोठमोठ्या संगणक-यंत्रणा त्या विचारावर उभ्या आहेत.

नोंद आधी, काम मागून

येथवर आपण घडून गेलेल्या गोष्टींची नोंद पाहिली. पण काही ठिकाणी नियम उलटा असतो : आधी नोंद, मग काम.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी शेती असेल. वडिलांनी किंवा काकांनी सातबारा काढून आणलेला तुम्ही पाहिला असेल. शेत आज कोणाच्या नावावर आहे हे सातबारा सांगतो. पण ते त्याच्या नावावर कसे आले? ते सांगते फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना सहा. विक्री झाली, वाटणी झाली, वारसाचे नाव लावायचे असले की आधी फेरफाराची नोंद होते. तिला क्रमांक मिळतो. संबंधितांना नोटीस जाते. कोणाची हरकत नसेल तर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात आणि मगच सातबारा बदलतो. सातबाऱ्यावर नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यात जुने नाव पुसून टाकत नसत, त्याला कंस करत. सातबारा म्हणजे आजची स्थिती आणि फेरफार म्हणजे तेथवरचा प्रवास. सातबारा फाटला तरी सारे फेरफार पहिल्यापासून वाचत गेले की तो पुन्हा तयार करता येईल. उलट करता येईल का? नुसत्या सातबाऱ्यावरून सगळे फेरफार काढता येतील का? विचार करा.

बँकेचा संगणक हेच करतो. समजा, एकाच बँकेत अकोल्याच्या खात्यात २,००० रुपये आणि अमरावतीच्या खात्यात ३०० रुपये आहेत. अकोल्याहून अमरावतीला ५०० रुपये पाठवायचे आहेत. यात कामे दोन : एकीकडून ५०० वजा करणे आणि दुसरीकडे ५०० मिळवणे. पहिले काम झाले आणि तेवढ्यात वीज गेली तर? अकोल्याचे झाले १,५००, अमरावतीचे राहिले ३००. आधी बेरीज २,३०० होती, ती आता १,८०० भरली. मधले ५०० रुपये गेले कोठे?

असे होऊ नये म्हणून खात्यांना हात लावण्यापूर्वी संगणक आपल्या रोजनिशीत लिहितो :

व्यवहार ८१ सुरू
अकोला खाते : होते २,०००, होणार १,५००
अमरावती खाते : होते ३००, होणार ८००
व्यवहार ८१ पूर्ण

वीज गेली तरी टिकेल अशा जागी, म्हणजे डिस्कवर, ही पाने पोचल्यावाचून व्यवहार झाला असे बँक म्हणतच नाही. वीज आली की संगणक प्रथम रोजनिशी उघडतो. ‘पूर्ण’ ही ओळ सापडली तर दोन्ही खात्यांत ‘होणार’ ची रक्कम आहे की नाही ते पाहतो आणि नसेल तर भरतो. ‘पूर्ण’ सापडली नाही तर दोन्ही खाती ‘होते’ च्या रकमेवर नेऊन ठेवतो. म्हणजे व्यवहार एक तर सगळा होतो, नाही तर मुळीच होत नाही. अधांतरी राहत नाही. या पद्धतीचे नीटस शास्त्र आय. बी. एम. कंपनीत काम करणारे सी. मोहन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये ‘एरीज’ या नावाने मांडले. मोहन हे मद्रासच्या आय. आय. टी. चे विद्यार्थी. आजच्या अनेक माहिती-भांडारांत त्यांची पद्धत या ना त्या रूपात वापरली जाते.

पान फाडता येऊ नये

महाविद्यालयात प्रयोगाच्या तासाला मी एक गोष्ट नेहमी पाहतो. लंबकाची दहा निरीक्षणे घेतली, त्यांतले एक इतरांशी जुळले नाही, की विद्यार्थ्याचा हात खोडरबराकडे जातो. मी त्याला सांगतो, बाबा रे, पुसू नकोस. एक आडवी रेघ मार, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी कारण लिही. न जुळणारे निरीक्षण कदाचित सर्वांत मोलाचे असेल. पुसले की तेही गेले आणि वहीवरचा विश्वासही गेला.

यंत्राच्या रोजनिशीचा नियमही हाच. शेवटी ओळ जोडता येते, मधली ओळ बदलता येत नाही. पण संगणकात तर कोणतीही ओळ खाडाखोड न दिसता बदलता येते! शिरजोर चोर आत शिरला की तो आधी रोजनिशीतले आपल्या पावलांचे ठसे पुसतो. त्यावर एक उपाय असा की नोंद लिहिली जाताच तिची प्रत दुसऱ्या संगणकावर पाठवायची. दुसरा उपाय गणिती आहे आणि तो तुम्हाला वहीवर करून पाहता येईल.

समजा, तीन दिवसांचे तापमान लिहायचे आहे : ४१, ४३, ४२. प्रत्येक ओळीला एक ताळ्याचा आकडा द्यायचा. नियम असा : मागच्या ओळीच्या ताळ्याला ३ ने गुणा, नवा आकडा मिळवा, बेरजेला ९७ ने भागा आणि बाकी लिहा. पहिल्या ओळीच्या मागे काही नाही, म्हणून तेथे ० धरा.

पहिली ओळ : ० × ३ + ४१ = ४१, ताळा ४१
दुसरी ओळ : ४१ × ३ + ४३ = १६६, ताळा ६९
तिसरी ओळ : ६९ × ३ + ४२ = २४९, ताळा ५५

आता कोणी गुपचूप पहिल्या दिवसाचे ४१ खोडून ४० केले. मग ताळे येतील ४०, ६६ आणि ४६. शेवटचा आकडा ५५ चा ४६ झाला! म्हणजे ५५ एवढा एकच आकडा तुम्ही मित्राकडे ठेवायला दिलात, तर सगळ्या वहीवर पहारा बसला. आपला नियम फार सोपा आहे, म्हणून लबाड माणूस दोन आकडे हुशारीने बदलून ५५ पुन्हा जुळवू शकेल. खरे संगणक याहून फार गुंतागुंतीचे नियम वापरतात, आणि तेथे अशी जुळवाजुळव करणे व्यवहारात अशक्य असते. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघांनी १९९१ मध्ये अशी साखळी सुचवली.

नोंद खोटे सांगते का?

क्रम लागला, घड्याळे जुळली, पान फाडता येईना. मग अशी नोंद डोळे मिटून खरी मानावी का?

२ जून २०२३ च्या संध्याकाळी ओडिशातील बालेश्वर जिल्ह्यात बहानगा बाजार या स्टेशनाशी कोरोमंडल एक्सप्रेस आली. तिच्यासाठी मुख्य मार्गाचा सिग्नल हिरवा होता. गाडी मात्र बाजूच्या लूप मार्गावर शिरली आणि तेथे उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली. घसरलेले डबे शेजारच्या मार्गावरून जाणाऱ्या दुसऱ्या गाडीलाही लागले. २९० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

सांधा लूप मार्गाकडे लागलेला असताना मुख्य मार्गाचा सिग्नल हिरवा होताच कामा नये, हा तर सिग्नल यंत्रणेचा पहिला नियम. मग तो झाला कसा? रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत आढळले की त्या स्टेशनात सिग्नलच्या तारांच्या जोडणीत पूर्वी केलेल्या बदलात, आणि फाटकाच्या नव्या अडसराचे काम करताना, चुका राहिल्या होत्या. त्यामुळे सांधा प्रत्यक्षात लूप मार्गाकडे वळलेला असताना ‘सांधा मुख्य मार्गाला लागला आहे’ असा संदेश तारेवरून यंत्रणेला मिळत होता. नोंद ठेवणाऱ्या यंत्राला रूळ दिसत नाहीत, त्याला फक्त तार दिसते. तारेने जे सांगितले ते त्याने इमानाने लिहिले. नोंद आणि रूळ यांचे जुळत नाही हे दिसताच तपासाची दिशा ठरली : दोष या दोहोंच्या मध्ये, म्हणजे जोडणीत, असला पाहिजे.

आणखी एक गोष्ट त्या चौकशीत पुढे आली, आणि ती मला अधिक अस्वस्थ करते. सुमारे वर्षभर आधी, १६ मे २०२२ रोजी, त्याच रेल्वेच्या खड्गपूर विभागात बांकडानयाबाज स्टेशनावर चुकीच्या जोडणीमुळेच असा प्रकार घडला होता. तेव्हा त्याची दखल घेऊन सगळीकडच्या जोडण्या तपासल्या असत्या तर पुढचा अपघात टळला असता, असे आयुक्तांनी नमूद केले. नोंद होती, पण तिच्यावरून जे करायला हवे होते ते झाले नाही. यंत्र लिहून ठेवील. वाचायचे आणि कामाला लागायचे ते माणसालाच.

किती दिवस जपायची?

सर्वच नोंदी कायमच्या ठेवता येत नाहीत. वही भरली की पहिल्या पानावरून पुन्हा लिहायला लागायचे, अशी सोय बहुतेक यंत्रांत असते. जुने आपोआप पुसले जाते. म्हणून काही घडले की रोजनिशीची प्रत ताबडतोब काढून ठेवावी लागते. भारतात संगणक-सुरक्षेचे काम पाहणाऱ्या ‘सर्ट-इन’ या शासकीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात संगणक-सेवा चालवणाऱ्यांना आपल्या नोंदी १८० दिवस जपायला आणि आपली घड्याळे राष्ट्रीय वेळेशी जुळवून ठेवायला सांगितले. दोन्ही गोष्टी एकाच आदेशात का आल्या, हे आता तुम्ही सांगू शकाल.

मात्र रोजनिशी यंत्राची असली तरी तिच्यात माणसे असतात. कोण केव्हा आले, काय उघडले, कोठे गेले, हे तीत उतरते. म्हणून जरूर तेवढेच लिहावे आणि ज्याचे काम त्यानेच वाचावे, हेही चांगल्या नोंदीचे लक्षण आहे.

करून पाहा

एक महिनाभर शाळेतील विजेची रोजनिशी ठेवा. दोन गट करा. एक गट एका वर्गात, दुसरा दूरच्या वर्गात. वीज गेली आणि आली की तारीख, तास, मिनिट, सेकंद लिहा. बदल झाला तरच लिहा. दर तासाला ‘जागा आहे’ ही ओळ घाला. खोडरबर वापरू नका. प्रत्येक ओळीला वर सांगितलेला ताळा द्या. आपल्या गटाचा शेवटचा ताळा रोज दुसऱ्या गटाला कळवून ठेवा.

महिन्याच्या शेवटी दोन्ही वह्या शेजारी ठेवा आणि शिक्षकांसह ही उत्तरे शोधा. दोन्ही घड्याळांत किती सेकंदांचा फरक पडला? तो रोज सारखाच वाढत गेला का? एका वर्गाची वीज गेली आणि दुसऱ्याची राहिली असे केव्हा झाले, आणि त्यावरून बिघाड शाळेच्या आत होता की बाहेर, हे सांगता येते का? एखादी ओळ एका वहीत आहे आणि दुसरीत नाही, असे आढळले तर कोणती वही खरी मानाल, आणि का?